सदतीस टोकनं, अडतीस माणसं

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो, हे आधीच सांगून टाकतो. "माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण…" अशी सुरुवात दिसली की मी अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारायचो आणि पुढचं मोठ्यानं वाचून दाखवायचो. नुसता अविश्वास नव्हता, मला चीड यायची. चांगली शिकलेली माणसं काहीतरी ऐकू आलं म्हणून पानं भरतात, हे मला सहन व्हायचं नाही. आता मीच लिहायला बसलोय. चीड तशीच आहे… फक्त ती कोणावर काढायची ते कळत नाहीये.

मी मूळचा नाशिकचा, एकवीस वर्षं कतारमध्ये आहे. लुसैल शहराच्या पुढे उत्तरेला एका मोठ्या निवासी प्रकल्पात एक तळं बांधून काढलंय. समुद्राचंच पाणी आत घेतलेलं, कडेनं फिरायला रस्ता, आणि एका टोकाला मासे धरायला लाकडी प्लॅटफॉर्म. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तिथे ही गर्दी असते. मलबारी, फिलिपिनो, बंगाली, इजिप्शियन, कधी कधी कतारी कुटुंबंसुद्धा. गळाला शेरी, सफी असे इथले मासे लागतात. त्या प्लॅटफॉर्मचे नियम लोकांकडून पाळून घेणं हे माझं काम. माणशी एकच गळ, जाळं अजिबात नाही, वीतभराहून लहान मासा परत पाण्यात, आणि प्लॅटफॉर्मच्या खालच्या दगडांवर कोणीही उतरायचं नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. प्लॅटफॉर्मच्या बरोबर खाली दोन मोठे काँक्रीटचे पाइप उघडतात, माणूस वाकून आत जाईल एवढे. भरतीला त्यांचे दरवाजे उघडले की समुद्राचं पाणी धडाधड आत येतं. ते घेतलं नाही तर तळ्याला आठवड्याभरात वास सुटेल. त्या वेळी पाइपच्या तोंडाशी माणूस असेल तर तो वाचणार नाही. हे आम्ही चार भाषांत लिहून लावलंय, चित्रासकट. तरी लोक उतरतात, कारण सफी तिथेच सावलीत येते. सांगायला गेलं की मलाच विचारतात, "व्हाय सो स्ट्रिक्ट, ब्रदर?"

म्हणून पद्धत ठरलेली आहे. येताना गेटवर प्रत्येकाला नंबरचं प्लॅस्टिक टोकन. दरवाजे उघडायच्या आधी भोंगा. मग सगळ्यांनी एका रांगेत बाहेर यायचं आणि टोकन परत द्यायचं. टोकनं मोजायची, माणसं मोजायची, दोन्ही आकडे जुळले की मी वॉकीटॉकीवर "क्लिअर" म्हणणार. त्यानंतरच कंट्रोल रूममधला नदीम बटण दाबणार.

माणसं मोजायचं काम गेल्या वर्षापर्यंत बबनकडे होतं.

बबन येवल्याकडचा. गावी बाजार समितीत मापाडी होता. इथे ड्रायव्हर म्हणून आला आणि आमच्या गेटवर लागला. कामाला चोख, पण मोजायची पद्धत गावचीच. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. बबन माणसंही तशीच मोजायचा. "लाभ हो लाभ… दोन हो दोन… तीन हो तीन…" चूक होऊ नये म्हणून प्रत्येक आकडा दोनदा, आणि तोही हेल काढून. मी त्याला कितीदा बोललो असेन. अरे, ही माणसं आहेत, कांद्याच्या गोणी नाहीत. वन-टू-थ्री म्हण, नाहीतर मनात मोज. तो "हो साहेब" म्हणायचा आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा लाभ.

गेल्या ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी टोकनं एक्केचाळीस आली. बबन म्हणाला, बेचाळीस. मी म्हटलं, टोकनं दिसताहेत ना समोर? तो म्हणाला, बेचाळीस आहेत साहेब, एक आत राहिलाय. प्लॅटफॉर्म रिकामा होता, मी स्वतः पाहिला. कॅमेऱ्यात कोणी नाही. तिकडे भरती उतरायला लागली, नदीम ओरडतोय, आणि हा गेटच्या तोंडाशी उभा, मला क्लिअर म्हणू देईना. वीस-पंचवीस मिनिटं सगळं खोळंबलं. शेवटी मी त्याला बाजूला केलं आणि क्लिअर दिलं. दरवाजे उघडले, पाणी आलं, काहीही झालं नाही. निदान आम्हाला काही दिसलं नाही.

त्याच दिवशी मी रिपोर्ट लिहिला. 'मोजणीत वारंवार चूक, वरिष्ठांचं न ऐकणं.' डिसेंबरमध्ये बबनचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. विमानतळावर जायच्या आधी तो मला भेटायला आला, हात जोडले आणि गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता या मे महिन्यातला शुक्रवार. सकाळचे दहा वाजून गेलेले, ऊन असं की रेलिंगला हात लावता येत नव्हता. भोंगा झाला, रांग लागली. बबनच्या जागी अजून कोणी दिलेलं नाही, त्यामुळे मोजणी मीच करतो. हातात आकडा पुढे सरकवायचं क्लिकर असतं. पहिला माणूस बाहेर आला, मी क्लिक केलं, आणि माझ्या पाठीमागून, प्लॅटफॉर्मच्या बाजूनं, स्वच्छ आवाजात ऐकू आलं, "लाभ हो लाभ."

मी वळून पाहिलं. रांगच होती, कोणाचे ओठ हलत नव्हते. दुसरा माणूस… "दोन हो दोन." हेल तोच. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? भीती? छे. माझं डोकं सणकलं. वाटलं, बबनच्या ओळखीचा कोणीतरी रांगेत घुसलाय आणि माझी टिंगल करतोय. मी ठरवलं, मोजणी पुरी होऊ दे, मग याला धरतो. सगळे जाईपर्यंत आवाज चालू होता, न अडखळता, माझ्या क्लिकरबरोबर. शेवटचा माणूस एक वयस्कर फिलिपिनो होता. त्यानं टोकन दिलं, थँक यू सर म्हणाला. क्लिकरवर सदतीस. "सदतीस हो सदतीस," आवाज म्हणाला.

टोकनंही सदतीस. सगळं जुळलं. मी वॉकीटॉकी तोंडाशी नेली.

"अडतीस हो अडतीस."

प्लॅटफॉर्मवर चिटपाखरू नव्हतं. तिकडून नदीम विचारत होता, दातार साब, क्लिअर है? मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, पानी उतर जाएगा साब, यल्ला, जल्दी. मी म्हटलं, मी सांगितल्याशिवाय बटणाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि तरातरा प्लॅटफॉर्मवर गेलो.

इथे मला खरं सांगितलंच पाहिजे. मी कोणाचा जीव वाचवायला गेलो नव्हतो. मला चेष्टा करणारा माणूस पकडायचा होता. वर कुठे लपायला जागा नाही, म्हणजे तो खाली असणार, असा माझा हिशेब. खाली जायच्या लोखंडी शिडीला कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे. कुलूप काढलं आणि शिव्या घालतच खाली उतरलो.

डावीकडच्या पाइपच्या आत, चार हातांवर, एक माणूस मांडी घालून बसला होता. चाळिशीचा असेल. कानात इयरफोन, पुढ्यात पाग. म्हणजे ते फेकायचं गोल जाळं, ज्यावर इथे पूर्ण बंदी आहे. तो जाळ्यातून सफी सोडवत होता आणि गाणं ऐकत मान हलवत होता. टोकन घेतलेलं नव्हतंच, बाजूच्या दगडांवरून आलेला. त्याच्यामागे पाइपच्या दुसऱ्या टोकाला दरवाजा, आणि दरवाजापलीकडे समुद्र.

मी त्याला कॉलर धरून बाहेर ओढला. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीतच बोललो, कारण त्या वेळी दुसरी भाषा आठवेना. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तो केरळचा इलेक्ट्रिशियन निघाला. म्हणजे मोजणारा तो नव्हता. हे माझ्या लक्षात शिडीवर निम्मं चढल्यावर आलं, आणि तेव्हा मात्र मी तिथेच शिडीला धरून थांबलो. त्यालाच मला हात द्यावा लागला.

आता पुढची मजा ऐका. रविवारी, इथला आठवडा सुरू होतो तेव्हा, ऑफिसला गेलो तर मॅनेजरचा ईमेल. त्या गृहस्थानं तक्रार केली होती. 'सुपरवायझरनं अंगाला हात लावला, अपमानास्पद भाषा वापरली, जाळं जप्त केलं.' मी उत्तर दिलं की दोन मिनिटं उशीर झाला असता तर तक्रार करायला हे गृहस्थ उरले नसते. तो विषय तिथे मिटला. मग दरवाजे का थांबवले याचा रिपोर्ट मागितला. मी खरं तेच लिहिलं. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि सौम्यपणे म्हणाला की मी 'व्हिज्युअल इन्स्पेक्शन' असं लिहावं. म्हणजे मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, वरून काहीच दिसत नाही, कॅमेऱ्यातही येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तो म्हणाला, आवाज ऐकला असं फाइलमध्ये गेलं तर तुझीच मेडिकल होईल. शेवटी त्यानंच वाक्य बदललं आणि माझी सही घेतली. वर मला 'गुड कॅच' म्हणून एक सर्टिफिकेट! ते मी घरी आणलेलं नाही.

मी एकच मागणी केली. बबनच्या फाइलमधला माझा रिपोर्ट मागे घ्यायचाय. एचआरनं कळवलं, फाइल क्लोज्ड आहे. खलास.

अनघाचं म्हणणं सोपं आहे. बबनचा आवाज वर्षानुवर्षं कानात बसलेला, मनात अपराधी भाव, उन्हाचा ताप. ठीक. माझ्या कानांनी मला फसवलं असं मीही मानायला तयार आहे. पण माझ्या कानांना अडतीस हा आकडा कुठून कळला? पाइपमधला माणूस मी पाहिला नव्हता, कोणीच पाहिला नव्हता.  मग ती म्हणते, बबनला फोन तरी कर.

करायला मला तीन आठवडे लागले. लाज वाटत होती. एका शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर लावला. बबन पुन्हा बाजार समितीत जातोय. आधी माझी, अनघाची, मुलीच्या शाळेची चौकशी केली. मी त्याची माफी मागितली, जशी जमली तशी. तो नुसता "जाऊ द्या साहेब" म्हणत राहिला. मग मी सगळी हकिगत सांगितली. लाभपासून अडतीसपर्यंत.

 

"म्हंजे तुम्हाला बी आलं ऐकू," बबन म्हणाला.

मी विचारलं, बी म्हणजे?

"साहेब, त्या दिवशी मी एक्केचाळीसच मोजली व्हती. मोजताना बेचाळीस मी म्हनलोच न्हाई. माझ्या मागनं कुनीतरी म्हनलं. आमच्या मापाड्यांसारखंच, हेल काढून. आता हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला येडा म्हनला असता. म्हनून म्हनलं, मीच मोजली."

 खरंच म्हणालो असतो. मोठ्यानं म्हणालो असतो, आणि घरी येऊन अनघाला हसत सांगितलं असतं.

मग त्यानं अगदी साध्या सुरात विचारलं, "त्या दिवशी खाली कोन व्हतं, लागला का पत्ता?"

आमच्याकडे कोणी हरवल्याची तक्रार आली नव्हती. मी त्याला तेच सांगितलं. पण इथे एकटी राहणारी हजारो माणसं आहेत. एखादा शुक्रवारी सकाळी गळ घेऊन निघाला आणि परत आला नाही, तर तो आमच्या तळ्यावर आला होता हे कोणाला ठाऊक असणार? टोकन न घेता दगडांवरून आलेल्या माणसाची आमच्याकडे नोंदच नसते. पाण्याचा जोर असा असतो की एखादं जाळं, एखादी चप्पल राहिली असती तरी वाहून गेली असती. किंवा तिथे कोणीच नसेल. तेही शक्य आहे, आणि मी रोज स्वतःला तेच सांगतो.

तो आवाज कोणाचा, आमच्या तळ्यावर मराठीत माणसं कोण मोजतंय, याचं माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर कळवा, पण कृपा करून उन्हाचा ताप म्हणू नका. मला स्पष्टीकरणाची घाईही उरलेली नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ऑक्टोबरच्या त्या शुक्रवारी एक माणूस मला पंचवीस मिनिटं कळवळून सांगत होता, एक आत आहे. शिडीची किल्ली माझ्या खिशात होती, आणि मी खाली उतरून पाहिलं नाही.