काय झालं, काय सांगितलं

दीड महिना झाला. शहाद्याच्या वाचनालयात मी नवी पुस्तकं नोंदवत होतो आणि आमच्या गावाहून, कळसाडीहून, शेजारच्या भगवानचा फोन आला. "भाऊ, जितूभाऊनी तब्येत जरा बिघडेल शे. तुम्ही निंघा." आमच्याकडे 'जरा' म्हटलं की काय ते समजायचं. मी विचारलं, "गया का?" "हा," तो म्हणाला.

जितू माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी पोहोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती आणि सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता. सुरतला शिकणाऱ्या तेजलला, जितूच्या एकुलत्या लेकीला, काय कळवायचं? त्याची बायको सुनंदा बोलण्याच्या स्थितीत नव्हती. मोठ्या काकूंनी सुनंदाचा मोबाइल माझ्या हातात दिला. "तू शिकेल मानूस, तू बोल. पन खरं सांगू नको. बाप आजारी शे, इतलंच सांग. पोर एकली येस." तो मोबाइल धरून मी तसाच उभा राहिलो, कारण असाच एक फोन मी पूर्वी केला होता.

नाना, म्हणजे जितूचे वडील, गेले तेव्हा जितू पुण्यात नोकरीला होता. सकाळीच थोरांनी मला फोन करायला लावला आणि मी रीतीप्रमाणे बोललो, "नानानी तब्येत बरी नही, निंघी ये." वाटेतल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून आपण असं बोलतो, आणि ऐकणाराही बहुधा ओळखतो. जितूने ओळखलं नाही. शब्द जसा आला तसाच धरणारा माणूस तो. आजारी म्हटल्यावर तो उपायाला लागला. नाना धुळ्याच्या ज्या डॉक्टरांकडे दाखवत, तिथे तो उतरला, जुने कागद शोधायला लावले, डॉक्टर मोकळे होईपर्यंत दोन तास बाकावर बसून राहिला. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून इकडे कुणी थांबलं नव्हतं. तो गावात शिरला तेव्हा चिता विझत आली होती. तो रडला नाही. मला एवढंच म्हणाला, "भाऊ, तू खरं सांगता तर मी धुळाले उतरतू का?"

पुढे काही वर्षांनी कंपनीचं काम घरून करायची सोय झाली तसा तो गावी परतला, आणि सकाळचे दोन तास त्याने एका वेगळ्याच कामाला लावले. जगभरातले लोक मिळून लिहितात आणि सगळ्यांसाठी खुली ठेवतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यातला फाइलसिस्टीमचा भाग डिस्कवर कुठे काय ठेवलंय ते सांभाळतो. तिथे काही बिघडलं की आतला कोड वर एक आकडा पाठवतो, त्याला एरर कोड म्हणतात, आणि त्या आकड्यावरून पडद्यावर संदेश येतो. जितू चुकीचे आकडे शोधून दुरुस्त करायचा.

मला ते कळलं ते माझ्याच नुकसानीतून. वाचनालयाच्या संगणकावर तीच सिस्टीम आहे. तिथे 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असं येऊ लागलं. मी मुकाट्याने जागा करायला बसलो आणि जुन्या मासिकांची, तीन वर्षं खपून केलेली सूची पुसून टाकली. छापील प्रत आहे असं वाटलं होतं; नव्हती. जितूने येऊन पाहिलं तर निम्मी डिस्क रिकामी. डिस्कवरच्या नोंदीच खराब झाल्या होत्या, आतल्या कोडला ते कळलंही होतं, पण वर पाठवताना त्याने जागा संपल्याचा आकडा पाठवला होता. "मोटर जळनी आनि हाऊ सांगस विहीर आटनी," जितू म्हणाला. "मंग मानूस नवी विहीर खंदाले बठस." मी चिडलो होतो. म्हटलं, "बिघाड तो बिघाड. आकडा कोनता शे त्यानं काय व्हस?" त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "हाऊ प्रश्न तरी तू इचारू नको, भाऊ."

जितूने दुरुस्ती लिहून पाठवली. बदल एका ओळीचा होता. पण सिस्टीममध्ये घेण्याआधी असे बदल तपासणाऱ्यांनी विचारलं, जुन्या आकड्यावर विसंबून असलेले प्रोग्रॅम बंद पडले तर? जितूला तो प्रश्न रास्त वाटला. त्याने मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कच्या प्रती तयार केल्या, तो आकडा कुठून कुठे जातो ती एकेक वाट तपासली. चार वेळा बदल परत आला, चारही वेळा त्याने न कुरकुरता पुन्हा पाठवला. सुनंदा म्हणायची, "एक आकडा बदलाले इतला दिन? तेवढामा कपाशी वेचाई गयी!" पाचव्यांदा तो स्वीकारला गेला, तेव्हा शेवभाजी मात्र तिनेच केली.

त्या दिवशी ओट्यावर, मोबाइल हातात असताना, मला त्याचं ते शांत पाहणं आठवलं. काकूंची भीती खोटी नव्हती, पोर खरंच एकटी होती. म्हणून मी आधी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन केला, तिला तेजलशेजारी बसायला सांगितलं, आणि मग बोललो. "तेजल, पप्पा गेले. सकाळी हृदय बंद पडलं. तू ये, आम्ही थांबतो."

बराच वेळ नुसतं रडणं... मग तिने विचारलं, "काका, नक्की थांबाल?"

"नक्की."

काकू माझ्याकडे बघेनात. जन्मात पहिल्यांदाच मी त्या ओट्यावर मोठ्याने बोललो, "पोर येवापर्यंत कोनी काही हलावानं नही." ऊन कलताना ती मैत्रिणीसोबत उतरली. अग्नी तिनेच दिला.

तेराव्यानंतर तिने मला जितूच्या टेबलावरची वही दाखवली. प्रत्येक पानावर दोन रकाने: 'काय झालं' आणि 'काय सांगितलं'. 'नोंद खराब' आणि 'जागा नाही'. 'डिस्क वाचता येईना' आणि 'फाइल सापडली नाही'. दुरुस्ती स्वीकारली गेली की त्या ओळीवर आडवी रेघ. मी मागे मागे उलटत गेलो. अगदी पहिल्या पानावर, पहिली ओळ: 'नाना गेले' आणि 'तब्येत बरी नाही'. तिच्यावर रेघ नव्हती. माझं नावही नव्हतं.

त्याचा शेवटचा बदल तपासणाऱ्यांच्या एका प्रश्नापाशी अडकला आहे. तेजल संगणकाचंच शिकते. शनिवार-रविवारी घरी आली की सकाळी त्या टेबलाशी बसून ती उत्तर तयार करते. मी शेजारी वाचत बसतो. पहिल्या ओळीवर मी रेघ मारलेली नाही, ती दुरुस्त होणारी नाही. पण तेजलला विचारून शेवटच्या नोंदीखाली मी एक ओळ लिहिली. पहिल्या रकान्यात, जितू गेला. दुसऱ्या रकान्यात, जितू गेला.