पहिलं पान

कुठल्याही किल्ल्याच्या दरवाजात शिरताना भाऊसाहेब काठीने चौकट ठोकत, आत जणू त्यांचा भाडेकरूच राहत होता. मग मागे न बघता म्हणत, "पायाखाली बघा. पुढे मी आहे." आमच्या गिरगावातल्या चाळीची एक दिवसाची सहल दर हिवाळ्यात तेच काढत. इतिहास त्यांना मुखोद्गत होता, हे मान्य. तरी सांगतो, मला हा माणूस कधीच आवडला नाही.

त्यांचं घराणं मुंबईतलं जुनं, हे ते कुणाला विसरू देत नसत. संयुक्त महाराष्ट्रासाठी अख्खी चाळ रस्त्यावर उतरली, तेव्हा गॅलरीतून ओरडले, "मुंबई कुणाची, हे आता गिरणीचा भोंगा ठरवणार काय?" त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा वसंता गोळीबारात गेला. भाऊसाहेब खाली उतरलेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून काकू चाळीबाहेर पडल्या नव्हत्या. पुढच्या हिवाळ्यातल्या सहलीला आम्ही त्यांना हातापाया पडून नेलं. रेवसपर्यंत लाँच, रेवदंड्यापर्यंत एस.टी., मग होडीने पलीकडे कोर्लई. किल्ल्यावर, खाली कड्यावर लाटा आपटत होत्या, तिथे पंगत मांडली. चाळीत आता रीतच पडली होती, पंगतीतलं पहिलं पान वसंताचं. काकूंनी त्या पत्रावळीवर त्याच्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या वाढल्या, शेजारी झेंडूचं फूल ठेवलं.

टोकाचा बुरूज एकट्यानेच बघून भाऊसाहेब परतले आणि थेट त्या पानावर बसले. "फूलसुद्धा! चला, उशिरा का होईना, मान द्यायला शिकलात," म्हणत त्यांनी पोळी मोडली.

सगळे काकूंकडे बघू लागले. शेवटी मीच म्हणालो, "भाऊसाहेब, उठा. ते वसंताचं पान आहे."

त्यांचा हात थांबला. वाटलं, उठतील.

"मेलेला काय जेवणार? आणि वाढलेल्या पानावरून मी उठत नाही," असं म्हणून त्यांनी फूल बाजूला सारलं आणि पान चाटूनपुसून संपवलं. त्यांना कड्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? काकूंनी त्यानंतर सहलीचं नाव काढलं नाही.

महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, भाऊसाहेबांनी दार उघडलं नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले. हिवाळा आला तशा काकू आपण होऊन म्हणाल्या, "कोर्लईला जाऊ या."

पंगत मांडताना कुणीतरी हळव्या मनाने विचारलं, "काकू, यंदा भाऊसाहेबांचंही एक पान मांडायचं का?"

काकूंनी वसंताच्या पानाशेजारी फूल ठेवलं. मान वर केली नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "ते जेवून गेलेत."