नाईटवाल्या घरातला पोपट

भिलाईला आले तेव्हा मला वीस वर्षं पूर्ण व्हायची होती. भंडाऱ्याकडचं आमचं गाव सोडून मी त्याआधी कुठं राहिले नव्हते. आमचे हे पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, कामाला होते. कारखान्याचं अर्धं बांधकाम अजून चालूच होतं, माणसं कमी पडत, त्यामुळे ह्यांची नाईट महिनेच्या महिने चाले. सकाळी सातला सायकल दाराशी टेकवून हे आत येत. अंगावरची काळी पूड धुवायला दोन बादल्या पाणी लागे. मग जेवत आणि पुढच्या खोलीत खाटेवर आडवे होत, ते थेट चार वाजेपर्यंत.

क्वार्टर दोन खोल्यांचं. मधल्या दाराला फळी नव्हती, मी जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. त्यामुळे दिवसभर माझं खरं काम एकच, आवाज न करणं. भांडी फडक्यावर ठेवून एकेक घासायची. मसाला वाटायचा तो चारनंतर. बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवायच्या, म्हणजे वाजत नाहीत. एका बाजूची शेजारीण तेलुगू, दुसऱ्या बाजूची पंजाबी. दोघी चांगल्या होत्या, पण माझं हिंदी 'पानी आया' च्या पुढं जात नव्हतं. हे उठले की चहा, बाजार, स्वयंपाक, आणि नऊ वाजले की पुन्हा सायकल. काय बोलायचं ते तेवढ्या वेळात. त्यात ह्यांना मुळातच बोलायची सवय कमी.

पोपट ह्यांनीच आणला. गावाबाहेर मरोद्याकडे झाडं तोडणं चाललं होतं. एका पडलेल्या झाडाच्या ढोलीत पिल्लं निघाली, त्यातलं एक ह्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. अंगावर धड पिसं नव्हती, नुसती चोच आणि डोळे.

"तुले सोबत होईल," म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

भिजवलेली डाळ बोटाने भरवून मी ते जगवलं. पावसाळ्यापर्यंत तो चांगला हिरवागार झाला. पावर हाउस भागातल्या बाजारातून पिंजरा आणला आणि स्वयंपाकाच्या खोलीत खिडकीशी टांगला. तोवर गुणी होता. पावसाळा सरता सरता मात्र तो ओरडायला लागला.

ते ओरडणं ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. बंद खोलीत कुणी पत्रा कापावा तसा आवाज, आणि एकदा सुरू झाला की वीस-पंचवीस वेळा. मी नळावर गेले की ओरडे. मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले की ओरडे. पुढं पुढं तर मी तिथंच गुपचूप तांदूळ निवडत बसलेली असले तरी ओरडे. मी धावत जाऊन हिरवी मिरची त्याच्या चोचीत देई. मिरची संपेपर्यंत शांतता, मग पुन्हा तेच. पिंजऱ्यावर चादर टाकून पाहिली. न्हाणीत नेऊन ठेवला. रागावून पिंजऱ्यावर चापट मारली, तर तो आणखी जोरात ओरडला आणि मला रडू आलं.

एका दुपारी हे पडदा बाजूला करून उभे राहिले. डोळे लाल झाले होते.

"काय वं, या पाखराले चूप नाही करता येत काय तुले?"

"झाकलं तरी वरडते. काय करू मी?"

"झोप झाली नाही तं भट्टीपाशी उभं राहवत नाही मले. सोडून दे त्याले नाही तं."

ह्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. म्हणूनच ते मला जास्त लागलं. पण पोपट सोडायचा कुठं? पिलापासून माणसात वाढलेला, तासभर जगला नसता.

भाजी घेऊन एक छत्तीसगढी बाई मागच्या दारी यायची. बोट ओठांवर ठेवून मी तिला हळू बोलायला सांगे, त्याची तिला सवय होती. त्या दिवशी पोपट ओरडायला लागला तशी मी मिरची घेऊन पळाले. परत आले तर ती हसत होती.

"मिरची झन दे," ती म्हणाली. देऊ नको. "वो ह तोला खोजत हे, बाई."

तुला शोधतोय, एवढं मला कळलं. पुढचं तिनं हातवारे करून सांगितलं. रानात पोपटांचा थवा सारखी कुजबुज करत असतो. मी इथं आहे, तू कुठं आहेस, असं चालूच असतं. सगळे एकदम गप्प झाले म्हणजे ससाणा आला. तुझ्या घरात सदाच सामसूम, मग तो भिणार नाही तर काय? आणि ओरडला की तू मिरची घेऊन येतेस, मग तो का थांबेल?

ती गेली आणि मी पाटावर बसून राहिले. सकाळपासून आपण तोंडातून किती शब्द काढले ते आठवून पाहिलं. ह्यांना 'वाढू का' एवढं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पिंजऱ्याशेजारी बसून पुटपुटायला लागले. आधी काय बोलावं सुचेना. "आता मी डाळ निवडून राहिली. हा खडा निघाला. आता नळाले पाणी येईल, मी जाईन, मंग वापस येईन." तो मान तिरकी करून ऐके. ओरडला तर मी उठायची नाही, तिकडे बघायचीही नाही. लक्ष मात्र पडद्याकडे असे. तो दमून थांबला आणि घशातल्या घशात कुरकुरला की लगेच त्याच्याशी बोलायचं. पहिले काही दिवस त्यानं जास्तच गोंधळ घातला. मग एक अख्खी सकाळ शांत गेली. नंतर दोन. मी बाहेर जाताना सांगून गेले आणि बाहेरून हलकीशी शीळ घातली की तोही हलकी शीळ घाली.

पण डाळीवर आणि नळावर दिवसभर किती बोलणार? हळूहळू मी गावावर आले. तळ्यावरचं धुणं, आमची बुटकी गाय, बहिणीशी झालेलं भांडण. एकदा त्याला म्हटलं, "भिलाईत माह्यं नाव कोणालेच माईत नाही. हे 'अवं' म्हणते, शेजारणी 'बहेनजी' म्हणते. माय वावरातून लांबून हाक मारे, शेवटचं अक्षर लांबवून." आणि मी माझं नाव मायसारखं, पण अगदी हळू, त्याला म्हणून दाखवलं. तसं मी नंतर रोज म्हणू लागले. लग्न झाल्यावर निघताना माय दारात आलीच नाही, चुलीपाशीच बसून राहिली, तेही त्याला सांगितलं. ते मी कुणालाच बोलले नव्हते.

मग एके सकाळी हे जेवून उठले आणि काही न बोलता खाट उचलून मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले. थंडीचे दिवस होते, अंगावर घोंगडी ओढून तिथंच झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला वाटलं, माझी पुटपुट सहन होत नाही. मी बोलणं बंद केलं. तीन दिवसांत पोपट पहिल्यासारखा ओरडायला लागला, आणि या वेळी मी त्याला थांबवायलाही गेले नाही. चौथ्या दिवशी हे उठून दारात आले.

"बोलत कावून नाही तू त्याच्याशी?"

"तुमची झोप मोडते म्हणून."

"तुह्या बोलण्यानं नाही मोडत. त्याच्या वरडण्यानं मोडते."

"मंग बाहेर कावून झोपून राहिले तुमी?"

ह्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "आतमंदी सगळं ऐकू येते. मले बरं नाही वाटलं ऐकत पडाले."

म्हणजे ह्यांनी ऐकलं होतं. माय, चूल, नाव, सगळंच. "मंग कधी काई बोलले कावून नाही?"

"काय बोलू? तू त्याले सांगत होती. मले थोडी सांगत होती."

एवढं बोलून हे पुन्हा खाटेवर जाऊन पडले. मी तिथंच उभी राहिले. पोपट घशात कुरकुरला, तेव्हा सवयीने त्याला म्हटलं, "मी इथंच आहो."

वैशाखात व्हरांड्यात उन्हाच्या झळा यायला लागल्या आणि खाट पुन्हा आत आली. मी बोलत राहिले, पण आता निवडून. कधी पडद्यापलीकडून आवाज येई, "मंग त्या गाईचं काय झालं?" मी पिंजऱ्याकडे तोंड ठेवूनच सांगे, "विकली. बाबानं साकोलीच्या बाजारात नेली." पलीकडून 'हूं' येई आणि थोड्या वेळानं घोरणं सुरू होई. समोरासमोर बसलो की असं होत नसे. संध्याकाळी चहा पिताना मी दोनदा प्रयत्न केला. दोनच वाक्यांनंतर हे खाली बघायला लागले आणि मी भाजीच्या भावावर आले. माझं नाव ह्यांनी कधी घेतलं नाही. त्या काळी कुणी घेतही नसे.

पोपट सात वर्षं राहिला. एका हिवाळ्यात दोन दिवस दाणा सोडला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला. तोवर मोठी मुलगी शाळेत जात होती, धाकटा रांगत होता. हे झोपले होते. उठवायला नको म्हणून मी एकटीनेच कुंपणाच्या मेंदीखाली खड्डा करून त्याला पुरलं.

चारला हे उठले. खाटेवर बसून म्हणाले, "आज तुहा आवाज नाही आला."

"पोपट गेला," मी म्हटलं.

 हे काहीतरी म्हणतील असं वाटून मी दारात थांबले. तेवढ्यात धाकटा रडायला लागला, मी त्याला घ्यायला गेले, आणि हे दूध आणायला बाहेर पडले.