साखळीला बांधलेला पेला

वर्तमानपत्रात छापून आलेला आईचा एकच फोटो आमच्या घरात आहे. पिवळ्या पडलेल्या कागदावर ती पाणपोईशेजारी उभी आहे, डोक्यावरचा पदर नीट, ओठांना स्टीलचा पेला लावलेला, पेल्याची साखळी मनगटाशी लोंबते आहे, आणि तिच्याभोवती कडक इस्त्रीच्या सदऱ्यांतली सात-आठ माणसं गळ्यात हार घालून हसताहेत... त्या हारांतला झेंडू आमच्याच मळ्यातला होता. फोटो पाहिला की मला आजही शिसारी येते, कारण त्या पेल्यातला एक थेंबही आईच्या घशाखाली उतरला नव्हता.

आमचा मळा आडगावच्या अंगाला. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर बाजारात जायचे. ओल्या मेथीचा, कोथिंबिरीच्या मुळांना चिकटलेल्या काळ्या मातीचा, टेम्पोच्या धुराचा असा एक मिश्र गंध त्या पहाटांना होता, आणि तो अजून माझ्या नाकात आहे. टेम्पो शहरातल्या द्वारका चौकात सोडायचा; तिथून पाट्या डोक्यावर घेऊन चालत. घरातून निघताना आई अर्धा कप चहा घ्यायची आणि मग दिवस कलेपर्यंत पाण्याला शिवायची नाही. बाजारातल्या साऱ्याच बायका तशा – पोत्यांवर ओळीने बसलेल्या, वैशाखाच्या उन्हात ओठ सुकलेले, आणि हात मात्र घडीघडी भाजीवर पाण्याचा शिपका मारणारे. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या बायकांना तहान लागतच नसावी. मागच्या भिंतीशी पुरुष उभे राहायचे, त्या भिंतीची दुर्गंधी वाऱ्याबरोबर आमच्या जुड्यांपर्यंत यायची. बायकांना जायला मात्र कुठेच जागा नव्हती.

आणि अशा बाजारात कुठल्याशा दानशूर मंडळाने पाणपोई बांधून दिली. तीन रांजण, त्यांच्यावर ओलं लाल फडकं, पाण्याला वाळ्याचा वास, आणि दात्यांची नावं कोरलेली संगमरवरी पाटी – ती रांजणांपेक्षा मोठी. भाषणात माताभगिनींच्या तहानेविषयी पुष्कळ बोलणं झालं. त्या भगिनी तहानलेल्या का राहतात, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

"मावशी, नुसता तोंडाला लावून धरा पेला. हां, हसा थोडं," फोटोवाला म्हणाला.

आई हसली. मंडळी पांगल्यावर तिने पेल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन मेथीवर शिंपडलं. मी पेल्याकडे हात नेला, तर तिने मनगट धरलं.

"एकच घोट. भिंतीमागं जायचं वय नाय राहिलं तुजं आता."

मी अकरा वर्षांची होते. तरीही ते कात्रण शाळेत नेऊन मी मोठ्या दिमाखात सगळ्यांना दाखवलं. त्याची लाज अजून वाटते.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत निर्मलामावशी होत्या, निवृत्त परिचारिका. एकदा पालक निवडता निवडता त्यांनी आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "पाणी चार पावलांवर, आणि ओठ असे का फुटलेत तुमचे?" आई आधी नुसती हसली, मग त्यांच्या कानाशी लागली. विचारणारं पहिलं माणूस ते. मावशींनी कधी काही वाटलं नाही, साडी नाही की चादर नाही. त्या रोज येऊन पोत्यावर बसायच्या, बायकांच्या सोयीसाठी महापालिकेला अर्ज लिहायच्या, कुणाची सही तर कुणाचा अंगठा घ्यायच्या. उत्तर ठरलेलं – 'विचाराधीन'. मग त्या मंडळाकडेही गेल्या. तिथल्या एका हार घातलेल्या गृहस्थांनी त्यांना म्हणे विचारलं, "मुतारीवर आम्ही नावं कशी कोरायची, बाई?"

एवढ्या वर्षांत पुष्कळ घाण पाहिली, पण या वाक्याइतकी किळस मला दुसऱ्या कशाची आली नाही.

शेवटी मावशी सहा बायकांना घेऊन कचेरीत गेल्या; आईचा पदर धरून मीही. जुन्या फायलींचा कुबट वास, करकरणारा पंखा. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "अडचण काय आहे?" मावशी म्हणाल्या, "ह्याच सांगतील," आणि बाजूला सरकल्या. बायका पायांच्या अंगठ्यांकडे पाहत राहिल्या. जो शब्द घरातही कुजबुजत बोलायचा, तो परक्या पुरुषांसमोर कोण काढणार... आता सगळ्या तशाच माघारी फिरणार, असं वाटत असतानाच आईने कनवटीचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, हे पाणी मी प्याले नाय. आमाला लघवीला जागा नाय, म्हणून आमी कुणीच पीत नाय. आता माज्या पोरीचंबी पाणी तोडलंय मी."

शेजारच्या कारकुनाने नाकाला रुमाल लावला. साहेबांनी मात्र मान वर केली आणि आधी फोटोकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतरही खेटे घालावे लागलेच. पण पुढच्या उन्हाळ्याआधी बाजारात चार दारं उभी राहिली, आतून कडी असलेली, नळ असलेली. त्यांच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. त्या दिवशी आई पाणपोईवर तीन पेले लागोपाठ प्याली, हनुवटीवरून ओघळणारं पाणी तिने पुसलंही नाही.

निर्मलामावशी आता नाहीत. अर्ज लिहिण्याचं त्यांचं काम मी दुसऱ्या बाजारांतून करते. चादरींबरोबर फोटोवाला घेऊन येणारी मंडळी अजून भेटतात, आणि माझं डोकं अजून फिरतं. आईच्या किडन्या गेल्या. इतक्या वर्षांची तहान अंगात मुरली होती, आम्हीच उशीर केला, असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळलं. आता डायलिसिस, आणि पाणी मोजून. संडास खाटेपासून दोन पावलांवर आहे...

सकाळी मी तिच्या वाटणीचं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून देते. ती पेला ओठांना लावते, ओठ ओले करते आणि खाली ठेवते.

"पी ना, आई. एवढं चालतं."

"ऱ्हाऊ दे. सवय हाय मला."

मग उरलेलं पाणी ती ओंजळीत घेते आणि खिडकीतल्या कुंडीतल्या मेथीवर शिंपडते.