चोरांनी सोडलेलं चंदन

कुरकुंभच्या कारखान्यात मी चंदनाचा सुगंध बनवते, आणि मला तो येत नाही. सुरुवातीला यायचा, अगदी स्वप्नातही यायचा. मग हळूहळू नाक बसलं. आता दौंडच्या एसटीत शेजारची बाई विचारते, "पूजेला निघाला काय ताई? लय ग्वाड वास येतोय." मी ओढणीला नाक लावून बघते. कपड्याच्या साबणाचा तेवढा येतो.

आमच्याकडे चंदनाचं एकही झाड नाही. मोठ्या टाकीत यीस्ट असतं, पाव फुगवणारं असतं त्याच जातीचं. चंदनाच्या झाडात सुगंध घडवणारी जी एन्झाइम असतात, त्यांची जनुकं या यीस्टमध्ये घातलेली आहेत. यीस्ट साखर खातं, एक एन्झाइम त्यातून सुगंधाचा सांगाडा रचतं, दुसरं त्याला ऑक्सिजन जोडतं, आणि तेल वर तरंगू लागतं. झाड ज्यात अर्धं आयुष्य घालवतं ते इथं काही दिवसांत उरकतं. काचेतून तो फेस फिरताना बघत उभं राहिलं की डोळे जड होतात आणि आपण कुठं आहोत हेच विसरायला होतं.

गावी केंदूरला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "म्हंजी परक्याच्या घरात राहून वास करायचा. चंदनाची जातच तशी. आपलंबी तुरीच्या मुळावरच वाढलं की." मला ते फार आवडलं.

आपलं म्हणजे बांधावरचं झाड. ते आईनं लावलं होतं, शेजारी तूर पेरून, कारण चंदनाची मुळं दुसऱ्याच्या मुळांत शिरून जगतात. खुरपताना झाडाच्या मुळाला खुरपं लागलं की ती मातीची मूठ नाकाशी धरून म्हणायची, "वास येतोय बरं का." आबा हसायचे. "एवढ्यात कुठला वास? तुला भास हुतोय." ती चिडायची नाही, नुसती माती झटकायची. ती गेली तेव्हाही झाड मनगटाहून थोडंच जाड होतं.

यंदाच्या हिवाळ्यात आबांचा फोन आला. कुणीतरी झाडाला भोक पाडलं होतं. चंदनचोरांची रीतच आहे ती. आधी गिरमिटानं भोक पाडायचं, भुशाला वास आहे का बघायचं, आत वासाचा गाभा धरला असेल तर करवत घेऊन परत यायचं. आबा काठी घेऊन राखणीला बसू लागले. पण कुणी आलंच नाही. आसपासची झाडं गेली, आमचं तसंच उभं. झाड वाचल्याचा आनंद राहिला बाजूला, चोरांनी नाक मुरडलं याचंच आबांना वाईट वाटू लागलं. "आपल्याला पार सोडून दिलं गं," ते म्हणाले. मला आधी हसू आलं. मग कळलं, त्यांना झाडाची किंमत नको होती. आईला खरंच वास येत होता की तो भास होता, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

रविवारी मी केंदूरला गेले. पारगावच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की खाली भीमा आहे हे केवळ सवयीनं माहीत. आबांनी स्वतः बुंध्याशी, पार खाली, गिरमिट खोलवर चालवून भुसा काढला होता. रुमालात धरून म्हणाले, "सांग."

मी हुंगलं. काहीच नाही. "आबा, माझं नाक कामातून गेलंय. तुम्हीच सांगा की."

ते तुरीकडं बघत म्हणाले, "त्या करोनाच्या तापात माझाबी वास गेला. तवापासनं भाकर करपली तरी कळत न्हाई."

रोज सकाळी सहाणेवर चंदन उगाळून, कपाळाला लावून, डोळे मिटून ते दीर्घ श्वास घेतात. इतके दिवस तो श्वास रिकामा होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. गावात दुसऱ्या कुणाला हुंगायला देण्याची सोय नव्हती. झाडाला वास आहे हे गावाला कळलं की झाड गेलंच म्हणायचं.

साहेबांना विचारून मी तो भुसा आमच्या मशीनवर लावला. तेलातले घटक वेगळे करून ती पडद्यावर रेघ काढते, ज्याची त्याची टेकडी ज्याच्या त्याच्या जागी. रेघ सपाट चालली होती, कितीतरी वेळ सपाट. आणि आमच्या टाकीतलं चंदन रोज जिथं वर येतं, नेमकी तिथंच ती उचलली. टेकडी लहान होती, पण होती.

"आबा, वास हाय," मी फोनवर म्हणाले. "चोरांनी गिरमिट वर खोडात चालवलं. गाभा खाली, मुळाकडं धरलाय."

पलीकडं काठी बांधावर टेकवल्याचा आवाज आला.

"म्हंजी तिला खरंच येत हुता."

"व्हय."

"आन् मी हसायचो."

पुढच्या खेपेला गेले तेव्हा दोन्ही भोकं शेणमातीनं बुजवलेली होती. आबांनी आईचं खुरपं आणलं होतं. त्यांनी मुळाशी जरासं खुरपलं, मूठभर माती नाकाशी धरली, डोळे मिटले. मग ती मूठ माझ्यापुढं केली. मीही डोळे मिटून श्वास घेतला. वास दोघांनाही आला नाही. आई असती तर तिनं सांगितलं असतं.

"तिचं नाक लय तिखट हुतं," आबा म्हणाले, आणि माती झाडाच्या बुडाशी पुन्हा नीट पसरली.