जाळ्यात अडकलेलं नख

धाकटी डहाणू गावातल्या मालूचा नवरा कधीच गेलेला. २०१६ साली लेक भाविनी लग्न होऊन वापीला गेली आणि तिचा गिनीपिग तेवढा मागं राहिला. भाविनीचा फोन रविवारी यायचा, तोही त्याचीच चौकशी करायला. हा मेला तर फोन कशाला येईल, ही मालूची धास्ती.

थंडीत तिनं पिंजऱ्यात जुनं जाळं अंथरलं. कोळणीच्या घरात दुसरं काय निघणार? सकाळी बघते तर तो जागचा हलेना. वाढलेलं नख जाळ्यात अडकून पुढच्या पायाचं बोट सुजलं होतं.

शेजारचा मोरू दारातूनच म्हणाला, "काय गो काकी, बोंबील नाय गावले म्हणून उंदीर धरलास?"

"तोंड आवर नि त्याला धर."

मालूनं धागा कापला, नखातली रक्ताची लाल रेघ सांभाळून पुढच्या पायांची नखं कापली, बोट कोमट पाण्यानं धुतलं. जाळं काढून भाविनीची जुनी ओढणी अंथरली. तिसऱ्या दिवशी तो पाय टेकून गवत खायला लागला.

रविवारी भाविनीनं विचारलं, "आई, कसा आहे तो?" मालूनं बोटाची गोष्ट लांबवून लांबवून सांगितली. फोन पहिल्यांदाच एवढा वेळ चालला.

मागच्या पायांची नखं तिनं पुढच्या आठवड्यावर ठेवली.