पलंगाखालच्या सात्या

आमची जुनी भिलाईवाली मंडळी जमली, की कोणी ब्लास्ट फर्नेस काढतो, कोणी रोलिंग मिल. पहिलं लोखंड निघालं तेव्हा आपण कुठं उभे होतो, हे प्रत्येकाने इतक्यांदा सांगितलंय, की सगळे एकाच जागी उभे होते असं वाटतं! माझी पाळी आली की मी आमच्या शेवंताचे, म्हणजे माझ्या बायकोचे, किस्से सांगतो. ठरवून जमवलेले नाहीत. तिने सात्या पिकवल्या आणि किस्से आपोआप येत गेले.

सात्या म्हणजे अळंबी. आम्ही भंडाऱ्याकडचे लोक सात्या म्हणतो, छत्तीसगढी लोक फुटू.

*

मी प्लांटच्या स्टोअरमध्ये होतो. मशिनरीच्या पेट्यांतून पुठ्ठा निघायचा, तो लोक घरी न्यायचे. आमच्या सेक्टर दोनमध्ये कोणी त्याचा पडदा केला, कोणी अंथरूण.

एका पावसाळ्यात जामुलच्या रस्त्यावर, मेलेल्या झाडाच्या खोडावर शेवंताला शिंपल्यासारख्या पांढऱ्या सात्या दिसल्या. माहेरी खाल्लेल्या, ओळखीच्या. तिने भाजी केली. देठांचे बुडखे ओल्या पुठ्ठ्यात गुंडाळलेले मोरीजवळ राहून गेले. नंतर उघडलं तर पुठ्ठाभर कापसासारखं जाळं!

"फेक वं, बुरा लागला," मी म्हणालो.

"बुरा नोहे हा. जीव धरून राहिला!"

तिने भाताचं तणीस उकळलं, निथळून गार केलं, पुठ्ठ्याचे तुकडे मधेमधे घालून पोत्यात भरलं आणि पोतं पलंगाखाली सरकवलं. रोज पाणी शिंपडायची. एके सकाळी पोत्याच्या भोकांतून सात्यांचे झुबके बाहेर!

मला काही धीर होईना. झाडावरचं वेगळं, पुठ्ठ्यावर उगवलेलं कोण खातं?

"मी खातो आज," शेवंता म्हणाली. "उद्या मी उठली, तं तुमी खा."

"अन् नाही उठली तं?"

"तं मेसमधी जा!"

*

शेजारी जोशीकाका. नागपूरचे, अकाउंट्समधले, पक्के शाकाहारी. शेवंताने काकूंना वाटीभर भाजी दिली. काकूंनी ती न सांगता पानात वाढली.

काकांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. काकूंचा जीव वरखाली!

"अहो, सांगू का ते काय आहे?"

"सांगू नकोस," काका म्हणाले. "आधी अजून वाढ!"

*

बघता बघता आमच्या लाइनीत घरोघरी पोती झाली. मद्रासी बाईंनी भाजीत कढीपत्ता घातला, पंजाबी बाईंनी टमाटर. पलीकडच्या क्वार्टरात फिरंतीन नावाची छत्तीसगढी बाई राहायची. तिच्या गावची जमीन कारखान्यात गेली होती आणि नवऱ्याला त्याच कारखान्यात काम लागलं होतं. तिने पोतं न्हाणीत टांगलं.

एकदा क्वार्टर तपासायला इन्स्पेक्टर आला. पोतं बघून ओरडलाच, "ये क्या खेती लगा रखी है बाथरूम में?"

फिरंतीन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हमर खेत ला तो प्लांट लील डारिस साहेब. अब नहानी ला घलो लीलही का?"

शेत तर गिळलंच, आता न्हाणीही गिळणार का? साहेबाने टोपी काढली, पोत्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पकाते कैसे हैं?"

*

सगळं असंच हसण्यावारी गेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात लू सुटली, आणि त्या गरम वाऱ्याने पोती वाळली. जी ओली राहिली, त्यांना हिरवा बुरा लागला. शेवंताने आमचं शेवटचं पोतं उघडलं, वास घेतला आणि तिथंच खाली बसली.

"बीजच गेलं," म्हणाली. "ते झाड बी तोडलं आता. कुठून आणू?"

दोन दिवस ती धड जेवली नाही. मी बाजारातून भाजी आणली, तिकडे तिने पाहिलं नाही. भाजीसाठी एवढं काय रडायचं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. बरं झालं, बोललो नाही. परक्या मुलखात तिने स्वतःच्या हाताने उभी केलेली ती एकच गोष्ट होती.

तिसऱ्या दिवशी फिरंतीन आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पुठ्ठा. पाण्याच्या मडक्याखाली, गारव्यात तिने तो जपला होता. पांढराशुभ्र!

"तोर अमानत हे बहिनी," ती म्हणाली. तुझीच ठेव आहे ही.

शेवंताने तिला असं कवटाळलं, की मधे पुठ्ठा चेपतो की काय याची मलाच भीती वाटली!

*

आता नीनाबाईंचं. त्या एका रशियन इंजिनिअरच्या पत्नी. इतवारच्या बाजारात फिरंतीनच्या टोपलीत सात्या दिसल्या आणि बाई जागच्या हलेनात. फिरंतीन त्यांना सरळ आमच्या घरी घेऊन आली. पलंगाखाली वाकून त्यांनी झुबक्याला हात लावला आणि घळाघळा रडायलाच लागल्या. माहेरच्या रानातल्या सात्या आठवल्या असाव्यात. शेवंताने काही विचारलं नाही. पाट दिला, भाजी टाकली. तिखटाने बाईंचे डोळे पुन्हा वाहिले, पण आता त्या हसत होत्या.

मग त्या नेहमी यायच्या. स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसायच्या. ही आपल्या बोलीत बोलायची, त्या त्यांच्या. हातवारे, हसणं, तणीस पिळणं. माझ्या मनात यायचं, या दोघींना एकमेकींचं काय कळत असेल?

बाईंच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं. दुर्ग स्टेशनवर निरोपाला मोठमोठे साहेब, हार, गुच्छ, दुभाषी. आम्ही मागे, गर्दीत. नीनाबाईंनी शेवंताला पाहिलं आणि साहेबलोकांना बाजूला सारत थेट आल्या. शेवंताने डबा दिला. आत ओल्या फडक्यात पुठ्ठा. बाईंनी तो छातीशी धरला.

गाडी हलली. शेवंता गाडीबरोबर चालत ओरडली, "पाणी शिंपडत जाजो वं! पण लय ओलं नको करजो!"

दुभाषी पुढे सरसावला. त्याने तोंड उघडण्याआधीच नीनाबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या आणि साऱ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"हो वं माय! मले मालूम हाये!"